गुरुवारचं दुखणं

आमच्या दादाने आयुष्यभर दोनच कामं मन लावून केली. पुस्तकं बांधली आणि माझं ऐकून घेतलं. पहिल्या कामाचं कौतुक पुष्कळांनी केलं. दुसऱ्याचं कोणी केलं नाही, मी तर नाहीच.

मी त्याची धाकटी बहीण. मला तो मिरची म्हणतो, अगदी फ्रॉक घालायचे तेव्हापासून. नाकावर राग, तोंड फाटकं, एकदा बोलायला लागले की समोरच्याचा विचार नाही. माझं लग्न राहिलं ते या तोंडामुळेच, असं नातेवाईक म्हणतात. मी म्हणते, ऐकून घेणारा एक दादा होता, दुसरा कुठून पैदा करायचा? तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. वहिनी गेली तेव्हा भाचीचं लग्न होऊन ती आठ तासांवरच्या शहरात गेलेली होती. घरात दादा एकटा. मी बोचकं उचललं आणि त्याच्याकडे राहायला आले. खाली बाइंडिंगचं दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना.

दुकान म्हणजे काय, एक लांबट खोली. मध्ये मोठं टेबल, त्यावर सुऱ्यांच्या इतक्या रेघा की नवा माणूस विचारायचा, हा नकाशा आहे का? एका कोपऱ्यात शिकंजा, म्हणजे चिकटवलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. भिंतीला दोऱ्याची रिळं, कापडाचे तुकडे, पुठ्ठे. मागच्या बाजूला एक खिडकी आणि खिडकीखाली स्टोव्ह. पाठ मोडलेले शब्दकोश, पानं निखळलेल्या वह्या, कुणाच्या आजोबांची डायरी, सगळं त्याच्याकडे यायचं आणि ताठ होऊन परत जायचं. घाई त्याला माहीत नव्हती. सोमवार-मंगळवार जुनी शिवण उसवायची, बुधवारी नवी घालायची, गुरुवारी चिकटवायचं, शुक्रवार-शनिवार शिकंज्यात. चाळीस वर्षं हाच क्रम. मी एकदा म्हटलं, "मंगळवारी चिकटवलंस तर आभाळ कोसळेल का?" तर म्हणाला, "आभाळ नाही, पण पुस्तक रुसेल."

चिकटवायला लागते खळ. ती शिजवायचं काम आधी वहिनीकडे होतं, मग माझ्याकडे आलं. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, शेवटी तुरटीची पूड. बाकीचे बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष. दादा घालू द्यायचा नाही, कारण तो खळ चाखायचा. तुरटी कमी पडली तर खळ आंबते, जास्त पडली तर वर्षांनी कागद पिवळा पडतो, आणि ते माप चमच्यात बसत नाही, जिभेलाच कळतं, असं त्याचं म्हणणं. मी भांडं खाली उतरवलं की तो यायचा, बोट बुडवायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "जमलंय, मिरची." खरं सांगते, शाळेत तीस वर्षांत साहेबाने एकदाही असं म्हटलं नव्हतं. गुरुवारची मी वाट बघायचे.

आता त्याच्या पोटाचं सांगते. ते जन्मापासूनच कुरकुरं. जेवला की फुगायचं, गुडगुडायचं, दिवसातून चार वेळा धाव घ्यायला लागायची. आई म्हणायची, वाताची प्रकृती आहे. वहिनी म्हणायची, चहा जास्त होतो. तो स्वतः काहीच म्हणायचा नाही. पाव खायचा, बिस्किटं खायचा, पोट धरायचा आणि कामाला लागायचा. एकसष्टाव्या वर्षी जिन्यात चक्कर येऊन पडला तेव्हा तपासण्या झाल्या. रक्त पार उतरलेलं. पोटात नळी घालून आतडं बघितलं. डॉक्टरीण तरुण होती, पण हुशार. म्हणाली, "मावशी, गव्हात एक चिकट पदार्थ असतो, ग्लूटेन. यांच्या आतड्याला तो सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. थोडं नाही, कमी नाही. बंद. आणि चार महिने पूर्ण विश्रांती."

बंद म्हटल्यावर मी बंदच केलं! घरातलं पीठ शेजारी देऊन टाकलं. डबे गरम पाण्याने तीनतीनदा धुतले. लाटणं टाकलं, चाळणी टाकली, लाकडी उलथनं टाकलं. दुकानातून काही आणलं की भिंग घेऊन वेष्टनावरचं वाचायचे. भात, बटाटे, भाज्या, अंडी, दूध, फळं. मीही तेच खाल्लं. घरात गव्हाचा एक कण नाही, अशी फुशारकी मी दहा जणांकडे मारली असेल.

आणि दादा सुधारला! चार महिन्यांत गालावर मांस आलं, ओठांना रंग आला. एक दिवस खुर्चीत बसला होता, पोटावर हात ठेवून, कान देऊन ऐकल्यासारखा. म्हटलं, दुखतंय का? तर म्हणाला, "नाही गं. काहीच होत नाहीये. मिरची, लोकांचं पोट असं गप्प असतं का गं?" एकसष्ट वर्षांचा माणूस हे विचारतो! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पदराने डोळे पुसले.

विश्रांती संपली, दुकान उघडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार झकास गेले. गुरुवारी मी खळ शिजवली, त्याने चाखली, जमलंय म्हणाला. अकराच्या सुमाराला ग्रंथपाल आले. हे वाचनालयाचे, दादाचे जुने मित्र. दर गुरुवारी फाटकी पुस्तकं घेऊन यायचे आणि येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून बिस्किटांचा पुडा आणायचे. चहा प्यायचे, गप्पा मारायचे, जायचे. त्या दिवशीही तसंच झालं. दादाने बिस्किटाला नको म्हटलं. मी स्वतः ऐकलं. आणि एक वाजता तो जिना चढून आला तो भिंत धरून. तोंड पांढरं. मग जे सुरू झालं! उलट्या, जुलाब, थंडी. न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडला, उठेचना. संध्याकाळपर्यंत ओला फडका घेऊन मी बाजूला बसले. इतकं तर त्याला आधी कधीच झालं नव्हतं. पावच्या पाव खाऊन तो कामाला जायचा, आणि आता पथ्य पाळून हे?

डॉक्टरणीकडे नेलं. ती म्हणाली, "पोटात कुठूनतरी गहू गेलाय. घरात आहे का?"

मी म्हटलं, "कण नाही. शक्यच नाही. आणि गेला असला, तर पूर्वी एवढं होत नव्हतं. बरं व्हायला पथ्य केलं की जास्त आजारी पडायला?"

"असं पुष्कळांचं होतं, मावशी. का, ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. पण असं बघा, रोज भांडणं चालतात त्या घरात कोणी ताट आपटलं तरी कुणाला कळत नाही. घर शांत झालं की चमचा पडला तरी दचकायला होतं. यांचं पोट आता शांत झालंय. आता कणभरही त्याला पुरतो."

कणभरही पुरतो. हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. पण तेव्हा मी रागात होते, माझ्या स्वयंपाकघरावर बोट दाखवल्यासारखं मला वाटलं होतं, आणि रागात माझे कान काम करत नाहीत. माझं गणित सरळ होतं. एवढं मोठं दुखणं आलं, म्हणजे एवढं मोठं काहीतरी खाल्लंय. घरात मिळत नाही, म्हणजे बाहेर खाल्लंय.

पुढचा आठवडा बरा गेला. गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. बाकी सगळे दिवस गडी ठणठणीत! आता गुरुवारी काय असतं, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? ग्रंथपाल आणि त्यांचा तो पुडा. मी मांजरीसारखी पाळत ठेवली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चहा होईपर्यंत कान लावायचे. त्याचे खिसे तपासले. हो, सख्ख्या भावाचे खिसे तपासले! काही सापडलं नाही. तर उलट वाटलं, बघा किती सराईत झालाय.

"दादा, खरं सांग," मी विचारायचे, "एखादं घेतलंस का?"

"नाही गं."

"अर्धं?"

"नाही, मिरची. चहासुद्धा तूच केलेला पितो."

पाचव्या गुरुवारी मी मुद्दाम खाली गेले. ग्रंथपाल बसलेले, पुडा उघडा, आणि टेबलावर दादाच्या बाजूला, हातभर अंतरावर, चुरा. झालं! माझ्या डोक्यात जाळ झाला.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

ग्रंथपाल गडबडले. "ताई, माझ्या हातून सांडलं. यांनी शिवलंही नाही."

"तुम्ही मध्ये बोलू नका! दोघं मिळून मला बनवताय. मी इथे रात्रंदिवस याच्यासाठी बटाटे उकडते, स्वतः पाव सोडला, आणि हा इथे बिस्किटं हाणतोय!"

दादा उठून उभा राहिला. हाताला खळ लागलेली होती, ती तो फडक्याला पुसत राहिला. म्हणाला, "मी खाल्लेलं नाही."

मग मी ते बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "खाल्लेलं नाहीस? मग हे होतं कशाने, हवेने? दोनच गोष्टी असू शकतात दादा. एक तर तू खोटारडा आहेस, नाहीतर तुझं डोकं गेलंय. खातोस आणि विसरतोस. कुठलं खरं ते तूच सांग, म्हणजे मी तसं वागते."

दादा माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नीट विचार करत होता, एखादं जुनं पुस्तक हातात घेऊन कुठून उसवायचं ते बघतो तसा. मग फडकं घडी करून टेबलावर ठेवलं आणि जिना चढून गेला. एक वाजता त्याला व्हायचं ते झालंच. मी पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला आणि दाराशी बसले नाही.

त्या महिन्यात त्याने भाचीला फोन केला. मला म्हणाला, "मी लेकीकडे जाऊन राहतो. दुकान बंद करतो आता." मी म्हटलं, "जा की. तिथे पहारा कडक असेल." शिकंजा भंगारात गेला. सुऱ्या, सुया कुणाकुणाला दिल्या. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाला, "मिरची, तुला फार त्रास झाला माझा." मी म्हटलं, "झालाच." हे निरोप देतानाचं माझं शेवटचं वाक्य.

तिथे गेल्यापासून तो एकदाही आजारी पडला नाही. भाचीने कळवलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद नाही. बघा, माझंच खरं निघालं, असं वाटलं. नजर ठेवणारं भेटलं की सगळी पथ्यं पाळता येतात! सात महिने मी या खरेपणावर काढले. त्याचा फोन यायचा, मी हूं हूं करून ठेवायचे.

मग एकदा ग्रंथपालांची चिठ्ठी आली. स्वतः येत नव्हते, माझ्या तोंडाला कोण लागेल? वाचनालयाचा जुना शब्दकोश दादाने शिवून ठेवलाय, नुसतं चिकटवायचं राहिलंय, दुसरीकडे द्यायचं का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, दुसरीकडे कशाला? बारा वर्षं बघितलंय. मीच करते.

खाली गेले. खिडकी उघडली, स्टोव्ह पेटवला. शिकंजा नव्हता म्हणून वजनाला विटा धुऊन आणल्या. मैद्याचा डबा मागच्या फळीवर तसाच होता. कालवला, ढवळला, गुठळी होऊ दिली नाही. तुरटी टाकली आणि थांबले. पुरे झाली का? विचारायला कोणी नव्हतं. मग बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

आधी तुरटी लागली. मग तिच्या मागून कोमट, गोडसर मैदा.

तोंडात बोट तसंच ठेवून मी उभी राहिले. स्टोव्ह चालू, खळ खाली लागायला आली, करपल्याचा वास सुटला, तरी मला हात हलवता येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वरच्या खोलीतली चाळणी फेकली, लाटणं फेकलं, आणि दर गुरुवारी खाली येऊन मी स्वतः, या हातांनी, त्याच्यासाठी मैदा शिजवत होते. तो माझ्यासमोर चाखत होता. "जमलंय" म्हणत होता आणि मी खूष होत होते. घरात गहू आहे का असं डॉक्टरणीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, कण नाही. दुकानाचं तिने विचारलं नाही आणि आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही, कारण खळ ही काय खायची वस्तू आहे? ती पुस्तकांची.

तशीच डॉक्टरणीकडे गेले. ती म्हणाली, "बोटभर खळ? मावशी, कणभर पुरतो म्हटलं होतं मी. खळ मैद्याची करतात, हे मला तरी कुठे माहीत!" तिची काही चूक नव्हती. ग्रंथपालांचीही नव्हती. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोरी माझ्याच स्टोव्हवर शिजत होती.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. आठ तास मनात वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळलं नाही. भाचीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आत्या, भांडायला आली असशील तर आत्ताच सांग. बाबा आता कुठे जरा बरे आहेत." म्हटलं, भांडायला नाही. तिने बाल्कनीकडे बोट केलं.

दादा खुर्चीत बसला होता. तब्येत छान. हात मात्र मांडीवर नुसते पडलेले. ते हात रिकामे मी कधी बघितलेच नव्हते. शेजारच्या स्टुलावर एक वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

"मिरची!" तो म्हणाला, आणि मनापासून हसला. जसं काही झालंच नव्हतं.

मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. खळ, दादा. खळीतला मैदा. तू चाखायचास. तूच काय, मीच तुला भरवत होते. तू बिस्किट खाल्लं नव्हतंस, कधीच नव्हतंस. मी तुला नाही नाही ते बोलले, ग्रंथपालांच्या देखत बोलले. माझं चुकलं रे. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतेय, माझं चुकलं.

त्याने ओठ हलवत वार मोजले. मग हळूच म्हणाला, "खळ? होय गं. गुरुवारच तो." आणि मग, "म्हणजे मी खात नव्हतो?"

"म्हणजे काय? तूच तर सांगत होतास, खाल्लं नाही म्हणून!"

"सांगत होतो. पण तू म्हणालीस ना, दोनच गोष्टी असू शकतात. खोटं तर मी बोलत नव्हतो, ते मला माहीत होतं. मग दुसरीच खरी असणार." त्याने कपाळावर बोट टेकवलं. "मला वाटलं, हे गेलं. खातोय आणि विसरतोय. अशा माणसाने लोकांची पुस्तकं हातात घेऊ नयेत. एखादं पान कुठेतरी ठेवायचो आणि विसरून जायचो, तर? म्हणून दुकान बंद केलं."

मला वाटत होतं, तो रुसून गेला. माझ्यावर चिडून गेला. अरे देवा, चिडला असता तर! तो माझ्यावर विश्वास ठेवून गेला होता.

स्टुलावरची वही मी उचलली. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात पानंच्या पानं. आठ वाजता, दूध, एक केळं, लेकीने दिलं. एक वाजता, भात, अंडं. चार वाजता, चहा, बरोबर काही नाही. काही नाहीच्या खाली रेघ. सात महिन्यांचा प्रत्येक घास. वही त्याने बांधलेली नव्हती, दुकानातून आणलेली, तारेची होती.

"विसरलो तर बघता यावं म्हणून," तो म्हणाला.

"आता नको लिहूस दादा. तुझं डोकं ठिकाणावर आहे. माझंच नव्हतं."

"होय ना?" तो म्हणाला. चेहरा उजळला त्याचा. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "नक्की ना गं?"

"नक्की."

भाचीने चहा आणला. आम्ही प्यायलो. मी म्हटलं, परत चल, दुकान उघडू, खळ तांदळाची करू, साबुदाण्याची करू, ग्रंथपाल वाट बघतायत. तो मान हलवत ऐकत होता, नेहमी ऐकायचा तसा. पण हात मांडीवरून हलले नाहीत. "शिकंजा गेला ना आता," एवढंच म्हणाला.

कप ठेवला आणि त्याने वही ओढली. चार वाजता, चहा, बरोबर काही नाही. मला राहवलं नाही. "अरे, कशाला आता?"

"असू दे. सवय झालीये." पेन्सिल थांबली नाही. पुढे लिहिलं, मिरची आली होती. म्हणाली, खळीने होत होतं. म्हणाली, डोकं ठीक आहे. मग वही माझ्याकडे फिरवली आणि पेन्सिल पुढे केली.

"इथे खाली सही कर. उद्या मला वाटलं की हे मीच मनचं लिहिलंय, तर तुझी सही असलेली बरी. तुझं मी खरं मानतो."

मी सही केली.